हत्तीचे मागचे पाय

शाळेच्या अंगणात हत्ती शिरला की पोरं सोंडेकडे धावतात. शेपटीकडे कोण धावणार? धावलंच तर एखादं व्रात्य कार्टं, आणि तेही शेपूट ओढायला. तो हत्तीचे मागचे पाय होता, वीस-बावीस वर्षं होता, आणि आता त्याला या सगळ्याचा मनापासून कंटाळा आला होता.

हत्ती कापडाचा. मुलांची पुस्तकं काढणाऱ्या एका प्रकाशकाने तो शिवून घेतला होता, कारण त्याच्या सगळ्यात जास्त खपणाऱ्या पुस्तकांत एक हत्ती आणि एक गोगलगाय यांची मैत्री होती. गोष्ट दर वेळी वेगळी, गाभा तोच. हत्ती भराभरा पुढे जातो, गोगलगाय मागे राहते, आणि मग हत्ती थांबतो. गोष्टवाली बाई हातात गोगलगायीची बाहुली घालून शाळाशाळांतून ही पुस्तकं वाचून दाखवायची. "आणि मग हत्ती..." असं म्हणून ती गप्प झाली की सगळी शाळा ओरडायची, "थांबला!" वाचन संपलं की पोरांची रांग लागायची. एकेकाने सोंडेच्या टोकाला तोंड लावून आपल्या जिवलग मित्राचं नाव गुपचूप सांगायचं, आणि हत्तीने जाड आवाजात "हं" म्हणायचं. एवढं झालं की बाहेर गाडीतली पुस्तकं हातोहात खपायची. मालक म्हणजे गोगलगाय अन् पोटात पाय. ही सोंडेची युक्ती त्याचीच.

आत दोघं असायचे. पुढचा ताठ उभा राहायचा. त्याच्या डोळ्यांसमोर जाळी होती, तोंडावर वारा होता, हातात सोंडेच्या दोऱ्या होत्या. मागच्याने कमरेत वाकायचं, पुढच्याच्या पट्ट्याला दोन्ही हातांनी धरायचं आणि चालायचं. अंधार, जुन्या कापडाचा कुबट वास, आणि खाली फटीतून दिसणाऱ्या पुढच्याच्या दोन टाचा. बोलायची सोय नाही, पोरांना ऐकू जातं. म्हणून पट्ट्याची भाषा होती. एकदा ओढलं की थांब, दोनदा ओढलं की बस, तीनदा ओढलं की मला सहन होत नाही, चल बाहेर. तीनदा आजवर कोणी ओढलं नव्हतं.

प्रकाशकाच्या गोदामातल्या लोकांनी पुढच्याला सोंड आणि ह्याला शेपूट अशी नावं ठेवली. ती इतकी चिकटली की ते दोघंही एकमेकांना त्याच नावांनी हाक मारू लागले. "शेपट्या, मोजे वाळले का रे?" "सोंडे, सरक जरा." बोलणं एवढंच. गाडीत सोंड ड्रायव्हरशेजारी बसायचा, काच पूर्ण खाली करून, थंडी असो नाहीतर धूळ. शेपूट मागे पुस्तकांच्या गठ्ठ्यांवर पाठ टेकून पडायचा. मालकाचं ऑफिस वरच्या मजल्यावर. सगळे लिफ्टने जायचे, सोंड मात्र जिने चढायचा. ह्या वयातही तब्येत राखतोय, मिरवायची हौस दांडगी, असं शेपटाचं मत होतं. पोरांच्या मिठ्या ह्याला, फोटो ह्याचे, गुपितं ह्याच्या कानात. बाई एका खेळात पन्नासदा 'मित्र' म्हणायची. आपल्याला उद्देशून तो शब्द कधी आला नाही, ह्याचंही शेपटाला आता काही वाटत नव्हतं. पाठ दुखत असली की माणूस शब्दांचा विचार करत नाही.

पाठीचं दुखणं त्याने बरीच वर्षं अंगावर काढलं. शेवटी डॉक्टर म्हणाला, "आता वाकणं बंद करा, नाहीतर एक दिवस सरळ होता येणार नाही." त्याने ठरवलं की हे वर्ष शेवटचं. बायकोला तेवढं सांगितलं. ती म्हणाली, "हत्ती गेला अन् शेपूट राहिलं, असं म्हणतात. तुमच्याकडे शेपूटच आधी निघालं."

आता नातीबद्दल. ती दुसरीत होती, ह्यांच्याच घरात राहायची, आणि तिला तो 'खारूताई' म्हणायचा, कारण ती खाऊ गालात साठवायची. दुसऱ्या कोणी तसं म्हटलेलं तिला खपत नसे. आपले आजोबा हत्ती आहेत हे तिला माहीत होतं. पुढचे की मागचे, हे तिने विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. आता दौऱ्याच्या यादीत तिचीच शाळा आली. तिने वर्गात जाहीर करून टाकलं की हत्ती माझा आजोबा आहे. कोणी विश्वास ठेवीना. तेव्हा तिने पैज लावली: मी सोंडेजवळ गेले की हत्ती म्हणेल, "बोल, खारूताई."

"म्हणशील ना, आजोबा?"

"म्हणेन की," असं तो म्हणून बसला. जिभेला हाड नसतं.

दुसऱ्या दिवशी गोदामात मोजे वाळत घालताना त्याने सोंडेला म्हटलं, "पुढच्या आठवड्यातल्या शाळेत एक दिवस मला पुढे जाऊ दे."

"का?"

कारण सांगायची त्याला लाज वाटली. या वयात नातीशी खोटं बोललो, हे काय सांगायचं? "असंच. पाठ दुखते."

सोंडेचा चेहरा उतरला. तो म्हणाला, "जमणार नाही. पोरांना माझा आवाज माहीत आहे. हत्तीला तोंड एकच असतं."

"आणि ढुंगण मीच का रे जन्मभर?"

"जमणार नाही म्हटलं ना!" सोंड ओरडला आणि ओले मोजे तिथेच टाकून बाहेर गेला. एवढी वर्षं ज्याचं ओझं ढकललं, त्याला एक दिवस जड झाला, ह्या विचाराने शेपटाला घास गोड लागेना. पुढचे खेळ त्यांनी एकमेकांशी अवाक्षर न बोलता केले. पट्टा तेवढा धरला, कारण तो न धरून चालत नाही.

नातीच्या शाळेचा दिवस उजाडला. हत्ती चढवायला त्यांना व्यायामशाळेमागची एक खोली दिली होती. शेपूट बुटाची नाडी बांधून वर बघतो तर सोंड मागचे पाय घालून उभा.

"बघतोस काय? डोकं घाल."

"तू... मागे?"

"तुझ्या नातीच्या वर्गाच्या बाईंनी आपल्या गोष्टवाल्या बाईंना फोन केला होता. पैज लागलीय म्हणे. त्या तिला रांगेत सगळ्यात शेवटी पाठवणार आहेत, म्हणजे सगळा वर्ग बघेल. आधी बोलायला तुझं काय जात होतं?" सोंडेने घाम पुसला. खोलीत तर गारवा होता. "चल लवकर. माझा विचार बदलायच्या आत."

शेपटाने हत्तीचं डोकं चढवलं. मागून पट्ट्याला हात पडले. ते इतके घट्ट होते की पट्टा पोटात रुतला.

अंगणात आल्यावर त्याला आधी काही सुचेचना. जाळीतून उजेड येत होता. आणि चेहरे! पुढचे दात पडलेले, शेंबडे, डोळे विस्फारलेले. इतकी वर्षं ज्यांचा नुसता गलका ऐकला, त्यांना चेहरे होते. पोरं सोंडेला लोंबकळली तेव्हा त्याला खरंच भरून आलं. दोऱ्या कुठल्या कशाच्या हे कळेना. सोंड वर करायला गेला तर कान हलला, आणि पोरं खदखदून हसली. मागून पुटपुटल्यासारखा आवाज आला, "डावी... डावी ओढ." त्याने डावी ओढली. सोंड वर गेली.

बाई वाचू लागली. "आणि मग हत्ती..." "थांबला!" तो थांबला. तेव्हाच त्याला कळलं की मागचा माणूस थांबलेला नाही. पाय थांबले होते, पण हात थरथरत होते. पट्ट्यातून ती थरथर त्याच्या कमरेत येत होती. श्वास तर तुटक, भराभर चालला होता. दमलेल्या माणसाचा श्वास त्याला माहीत होता. हा तो नव्हता. आणि मग त्याला एकापाठोपाठ एक सगळं आठवलं: गाडीची उघडी काच, जिने, कुठेही गेलं की दाराजवळची जागा. हा माणूस तब्येत राखत नव्हता, बंद जागेला भीत होता.

तो तीन हिसक्यांची वाट बघू लागला. रांग लागली. पोरं एकेक करून येऊन नावं सांगू लागली आणि तो "हं" म्हणू लागला. हिसके आले नाहीत. पट्टा ओला झाला होता, पण हिसके येत नव्हते. रांगेच्या शेवटी खारूताई दिसत होती. दोन वेण्या, गाल फुगलेले, शेजारणीच्या कानात काहीतरी सांगत टाचा उंचावून बघत होती. तिच्यापुढे अजून बरीच पोरं होती.

मागून घशात अडकल्यासारखा एक बारीक आवाज आला. रडणं दाबल्याचा होता.

शेपूट वळला. सगळा हत्तीच वळला आणि खोलीकडे चालू लागला. पोरांना आधी ती गंमत वाटली. मग ती ओरडू लागली, "थांब! थांब!" बाई गोगलगाय हलवत मागे धावली, "अहो, अजून रांग आहे!" पोरांच्या ओरडण्यात एक आवाज त्याच्या घरातला होता. तो थांबला नाही.

खोलीत शिरताच त्याने चेन उघडली. सोंड बाहेर पडला तो थेट जमिनीवर, भिंतीला टेकून. चेहरा पांढराफटक. बाईने पाणी आणलं, बघितलं आणि काही न विचारता रांगेला समजवायला गेली. दार तिने उघडं ठेवलं.

पाणी पिऊन झाल्यावर सोंड म्हणाला, "लहानपणी एका कोठारात अडकलो होतो. दिवसभर. कोणाला सांगितलं नाही रे, लोक हसतात." मग एकदम चिडून, "पण तू कशाला फिरलास? मी तीनदा ओढलं होतं का?"

"नाही."

"मग? मी काढला असता तेवढा वेळ. तुझी नात उभी होती तिथे, गाढवा!"

"मला कळतं," शेपूट म्हणाला. "इतकी वर्षं मागून तुलाच बघतोय."

सोंडेने हात पुढे केला, शेपटाने त्याला ओढून उभं केलं. तेवढ्यानेही पाठीत कळ आली.

घरी खारूताई जेवली नाही. वर्ग हसला होता. ती खिडकीशी पाठ करून बसली. तो तिच्याजवळ खाली बसला. खाली बसायला त्याला हल्ली वेळ लागायचा.

"पुस्तकात हत्ती नेहमी थांबतो," ती भिंतीला म्हणाली. "तू थांबला नाहीस. मी ओरडले तरी."

"ऐकलं मी."

"मग?"

त्याला खोटं रचायचाही कंटाळा आला होता. त्याने सगळं सांगितलं. मी पुढे नसतोच, मी मागे असतो, शेपटीत. आज एक दिवस तुझ्यासाठी पुढे आलो होतो. जो रोज पुढे असतो त्याला बंद, अंधाऱ्या जागेची फार भीती वाटते, तरी तो तुझ्यासाठी आत शिरला, आणि आत त्याला फार त्रास झाला, म्हणून मी वळलो.

ती वळून बसली.

"तू रोज त्या अंधारात असतोस?"

"हो."

"तुला नाही भीती वाटत?"

"तो असतो ना पुढे. त्याचा पट्टा धरलेला असतो."

तिने विचार केला. मग आपल्या ढगळ स्वेटरची बाही पंजाच्याही पुढे ओढली, हात लांब केला आणि बाहीचं रिकामं टोक त्याच्या तोंडासमोर धरून हलवलं. ती सोंड होती.

"सांग," ती म्हणाली.

त्याने तिच्याकडे बघितलं. ती गंभीर होती. तो पुढे वाकला, पाठ कुरकुरली, आणि बाहीला तोंड लावून त्याने नाव सांगितलं. सोंड नव्हे, त्या माणसाच्या आईबापांनी ठेवलेलं नाव, जे इतक्या वर्षांत त्याने कधी उच्चारलं नव्हतं.

खारूताईने जमेल तेवढा जाड आवाज काढला आणि म्हणाली, "हं."