हजार झाले का, सर?

लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालू इंजिनावर टेकवायचं, लाकडी मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि मोकळा हात वर करून आम्हा सगळ्यांना गप करायचं. परळीतले आमचे मिस्त्री गाडी अशी तपासत. "थांबा. बोलायलीय ती," म्हणत. तुम्हीही असा एखादा कारागीर पाहिला असेल. सगळे त्यांना मिस्त्री म्हणायचे, मीही. नाव विचारायचं राहूनच गेलं.

माझी जुनी मोटार चढावर धापा टाकू लागली, तेव्हा त्यांनी इंजिनाचं हेड उतरवलं. मी शाळेत विज्ञान शिकवतो, पण इंजिन मला कळलं ते त्यांच्या मोडक्या स्टुलावर बसून.

"चार खोल्या धरा, सर. हेड म्हंजे वरचं छत. छताला दर खोलीची दोन दारं. एकातून हवा-पेट्रोल आत, दुसऱ्यातून धूर भाईर. त्या दारांना व्हॉल्व म्हणायचं. अन् दार ढकलणारा तो टॅपेट."

"मग टॅपेट वाजतो म्हणतात, तो कशानं?"

"दोघांच्या मधी बारीक फट ठेवावी लागती. लोखंड तापलं की वाढतंय ना! फट जास्त झाली की टकटक करतंय. पण वाजणाऱ्याला भ्यायचं न्हाई, सर. गप झालेल्याला भ्या. फट मिटली की दार नीट लागत न्हाई, अन् व्हॉल्व जळून जातोय."

त्यांची एक शिस्त होती. मिठाईच्या खोक्याच्या झाकणाला आठ भोकं पाडून, काढलेले व्हॉल्व ते ओळीनं त्यात उभे करत. कडेला बाण काढून लिहीत, 'रेडिएटर हिकडं'. जो व्हॉल्व ज्या जागेवर वर्षानुवर्षं घासला, तो तिथंच परत बसला पाहिजे. वर ओला फडका, कारण थर्मलची, म्हणजे परळीच्या वीजकेंद्राची राख आमच्याकडे जेवणाच्या ताटातही येते.

ते चहाला गेले आणि मला मदत करायची हुक्की आली. आठही व्हॉल्व मी रॉकेलच्या डब्यात टाकले, घासून लखलखीत केले आणि पेपरावर मांडून ठेवले. वाटलं, मिस्त्री खूश होतील.

ते आले आणि पेपरापुढे उकिडवे बसले.

"काहून हात लावलात, सर?" मग स्वतःच हसले. "आठ घरची दारं उपसून ढीग घातलात की! आता कुठलं दार कुठल्या चौकटीचं?"

दोन दिवस त्यांनी माझी चूक निस्तरली. काठीच्या टोकाच्या रबरी वाटीला व्हॉल्व चिकटवायचा, कडेला घासायची पेस्ट लावायची आणि ताक घुसळावं तशी ती काठी दोन्ही तळव्यांत फिरवायची. मग रॉकेल ओतून गळतंय का बघायचं. सात जमले. आठवा थेंबथेंब पाझरतच राहिला.

"ह्यो रुसलेलाच हाय. चालंल तसा, पण ह्याची जागा दबत जाणार अन् फट मिटणार. हजार किलोमीटर झाले की या, फट पुन्ना बघू. इसरू नका." भोकांचं झाकण त्यांनी माझ्या डिकीत टाकलं.

थोडी टकटक होती, पण गाडी झकास पळू लागली आणि मी विसरलो. खरं सांगायचं तर विसरलो नाही, आळस केला. बाजारात, स्टेशनवर, कुणाच्या लग्नाच्या मांडवात मिस्त्री दिसले की लांबूनच ओरडत, "हजार झाले का, सर?" मी म्हणे, "येतो रविवारी." पुढे पुढे तर मी त्यांना पाहून गल्ली बदलू लागलो.

एकदा ते अंबाजोगाईच्या दवाखान्याबाहेर बाकावर बसलेले दिसले. बरेच वाळलेले. आता विचारणार म्हणून मी उत्तर तयार ठेवलं, पण त्यांनी फक्त हात वर केला. चला, आज सुटलो, असं वाटलं मला. त्याच सुमारास गाडीची टकटकही थांबली होती. बायकोला म्हटलं, "बघ, आपोआप बरी झाली."

महिन्याभरानं दुकानाचं शटर बंद दिसलं. शेजारचा चहावाला म्हणाला, "मिस्त्री गेले की, सर. लई दिस आजारी होते. कुणाला बोललेच न्हाईत."

पुढे गाडी घाटात बसली. नव्या गॅरेजवाल्यानं हेड उतरवलं आणि व्हॉल्व काढून तो पत्र्याच्या ट्रेमध्ये टाकू लागला, तेव्हा मी डिकीतलं ते झाकण पुढे केलं. बाण रेडिएटरकडे करून एकेक व्हॉल्व मीच उभा केला. आठव्याची कड जळून गेली होती.

"फट कधी बघितलती का ह्याची?" त्यानं विचारलं.

मिस्त्रींची फार आठवण येते. बाजारातून मी आता सावकाश चालतो, गल्ली बदलत नाही. मागून कुणी "सर" म्हणून हाक मारली की थांबतो.

झाले, मिस्त्री. केव्हाच झाले.