आईला लंडन दाखवलं

लंडनच्या गमती मी इतक्यांदा सांगितल्यात की घरातल्या पोरांना त्या पाठ आहेत. राजवाड्यापुढचा पहारेकरी पाहून आई म्हणाली होती, "एवढ्या उन्हात केसाळ टोपडं घातलंय, घामोळं उठंल की लेकराला!" — हे सांगितलं की सगळे पोट धरधरून हसतात. मीही हसते. पण त्याच सहलीतली एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. नवऱ्याला नाही, दादाला तर नाहीच. मग तुम्हाला का सांगतेय? — पोटात ठेवून कंटाळले असेन, दुसरं काय.

मोठा दुष्काळ पडला त्याच्या आदल्या वर्षीचा उन्हाळा. माझा थोरला भाऊ, दादा, तेव्हा लंडनला डॉक्टर होता. त्यानं सुट्टीत आईला आणि मला बोलावून घेतलं. वडील, म्हणजे अण्णा, ऊस सोडून यायला तयार नव्हते. मी नगरच्या कॉलेजात शिकत होते, इंग्रजी विषय घेतलेला — आणि त्याची घमेंड साऱ्या गावाला वाटली तरी उरली असती. आईनं शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं. विमानात बसताना ती म्हणाली, "तू हायेस ना संगं, मंग मला कशाचं भ्या?"

आईचं माहेर शनिशिंगणापूरचं. तिकडच्या घरांना चौकट असते, कवाड नसतं. बाहेरून हाक मारायची आणि आत शिरायचं. तहान लागली असेल तर सरळ माठापाशी जायचं. लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी कडी लावायची सवय तिला लागली नव्हती, आणि अण्णा त्यावरून रोज करवादायचे. दादाच्या फ्लॅटचं दार आपोआप लागायचं, त्याचं तिला फार नवल. "घरात माणसं असून दार लावून बसत्यात?" असं ती वहिनीला विचारायची. वहिनी बिचारी काय सांगणार?

दादा-वहिनी दोघंही ड्यूटीवर जात, म्हणून शहर पाहायला आम्ही दोघीच निघायचो. माझ्या अंगावर वहिनीची पँट आणि कोट. आई नऊवारीत, वर दादाचा स्वेटर, पायात कॅनव्हासचे बूट, कपाळावर ठसठशीत कुंकू. लोक वळून बघत. कुणी वाईट बोललं का? — छे! उलट हसत, वाट करून देत. लाज वाटत होती ती माझी मलाच. मी हळूहळू तिच्या चार पावलं पुढे चालायला लागले. "आगं, दमानं," ती मागून म्हणायची. मी ऐकू न आल्यासारखं करायचे.

त्या दिवशी नदीकाठ हिंडून आम्ही एका शांत गल्लीत शिरलो. आईला तहान लागली होती. तिनं मला दोनदा सांगितलं होतं. पण माझ्याच वयाच्या एका गोऱ्या जोडप्यानं मला त्यांचा फोटो काढायला सांगितला, आणि फोटोनंतर गप्पा सुरू झाल्या. कुठली, म्हणून विचारलं. मी 'बॉम्बे' म्हणाले. नगर सांगायला काय झालं होतं? एकटीच फिरतेस का, असं त्या मुलीनं विचारलं. मी 'हो' म्हणाले — आणि खरं सांगते, तो 'हो' म्हणताना मला गुदगुल्या झाल्या.

तेवढ्यात मागून आईचा आवाज आला. "कोन हाय का घरात?"

मला कळलं. कुठल्या तरी घराचं दार उघडं दिसलं असणार आणि ती आत निघाली असणार. मी वळून तिला थांबवू शकले असते. एक हाक पुरली असती. — मी वळले नाही.

मग किंकाळी. एक म्हातारी गोरी बाई आईला दंडाला धरून पायरीवर घेऊन आली. आई ओंजळ तोंडाशी नेऊन पाण्याची खूण करत होती. ही कुणाबरोबर आहे, असं बाईनं रस्त्यावरच्या आम्हा सगळ्यांना विचारलं. त्या जोडप्यानं माझ्याकडे पाहिलं — आम्ही दोघी एका रंगाच्या, एका देशाच्या. तू ओळखतेस का हिला, असं त्या मुलीनं विचारलं.

मी म्हणाले, "नो."

एवढं इंग्रजी आईला येत होतं.

तिनं माझं नाव घ्यायला तोंड उघडलेलं मी पाहिलं. ते तिनं मिटलं. मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवून त्या बाईला म्हणाली, "म्या एकलीच हाय." तिथे मराठी कळणारी मी एकटीच होते. तिनं माझं खोटं जसंच्या तसं उचलून धरलं — कशासाठी? मी तोंडघशी पडू नये म्हणून? बाई निवळली, आतून ग्लासभर पाणी घेऊन आली. आईनं पाणी पिऊन तिला हात जोडले आणि माझ्याकडे न बघता गल्लीच्या टोकाला वळली. मी त्या जोडप्याशी आणखी थोडं बोलत राहिले. लगेच निघाले असते तर त्यांना संशय आला असता ना!

ती कोपऱ्यापलीकडे, कुणाला दिसणार नाही अशी उभी होती. "चल, तुझी वहिनी यायची येळ झाली," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आईचे गुडघे दुखायला लागले. दादानं दाबून पाहिलं, त्याला काही सापडलं नाही. तरी त्यानं गोळ्या दिल्या. नसलेल्या दुखण्याच्या त्या गोळ्या आईनं मुकाट्यानं घेतल्या. गावी परतल्यावर येईल त्याला सांगत सुटली, "पोरीनं समदं लंडन दावलं मला." आता ती नाही. त्या गल्लीबद्दल ती माझ्याशी कधी एक अक्षर बोलली नाही, आणि मीही तिच्याशी नाही.

पण खरी कबुली अजून राहिलीच आहे. 'गुडघे दुखत्यात, तू जाऊन ये,' असं ती म्हणाली तेव्हा मी 'चल गं आई' म्हणाले नाही. उरलेली सुट्टी ती त्या बंद दाराच्या फ्लॅटमध्ये बसून होती, आणि मी एकटी हिंडत होते. पुलांवरून, बागांतून, दुमजली बसच्या वरच्या मजल्यावरून. मला वाईट वाटलं नाही. बरं वाटलं. लंडन मला आवडायला लागलं ते त्याच दिवसांत.