पुष्करची लाइन कुठे अडली

रायपूरच्या बूढापाऱ्यातल्या त्या गल्लीत पुष्कर पांढरीपांडे नेमकं काय काम करतो, हे कोणालाच धड सांगता येत नसे. खुद्द पुष्करलाही सांगायला वेळ लागे. कोणीतरी घरी बसून ऑफिसातला कॉम्प्युटर चालवत असतो, तो मध्येच अडकतो, माउस इकडे हलवला की तिकडचा बाण सावकाश विचार करून हलतो. मग तो माणूस पुण्याच्या एका कंपनीला फोन करतो आणि तो फोन रायपुरात पुष्करच्या कानाशी वाजतो. थोडक्यात, लोकांना घरी बसून काम करता यावं म्हणून पुष्कर स्वतः घरी बसे. एवढं सगळं ऐकून समोरचा विचारी, "मंग घरीच असता न तुम्ही?" पुष्कर म्हणे, "हव." आणि विषय संपे.

त्याची आई सुशीलाबाई तर हा विषय निघूच देत नसत. त्यांचे यजमान यशवंतराव रेल्वेत गार्ड होते. डबा घेऊन, बूट वाजवत घराबाहेर पडणारा माणूस. नोकरी म्हणजे ती. "पोट्टा घरीच असते दिवसभर," असं त्या शेजारणींना सांगत आणि वर एक उसासा टाकत. तो उसासा आतल्या खोलीत बसलेल्या पुष्करला बरोबर ऐकू येई. हेडफोन घेताना आपण कंजुषी केली, असं त्याला दर वेळी वाटे.

कामात मात्र तो वाकबगार होता. निदान त्याची तशी समजूत होती. फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला, "राउटर कुठे ठेवलाय?" मग कोणाचा फ्रिजमागून निघे, कोणाचा लोखंडी कपाटातून. पुष्कर फोनवर मधासारखं बोले आणि फोन ठेवला की बायकोपाशी, देवश्रीपाशी, पोट धरून हसे. "शिकलेसवरले लोक," तो म्हणे, "आणि घरातली एक डब्बी कुठं ठेवावी ते समजत नाही."

यंदा महालक्ष्म्या घरी आल्या आणि त्याच संध्याकाळी त्याची स्वतःची लाइन अडखळायला लागली.

वेळ वाईट होती. दुसऱ्या दिवशी दुपारी, ऐन पूजेच्या दिवशी, एका मोठ्या ग्राहकाचं काम जुन्या सर्व्हरवरून नव्यावर न्यायचं होतं आणि ते पुष्करने रायपुरातून करायचं होतं. संध्याकाळच्या सरावात त्याचा संपर्क पुन्हा पुन्हा तुटला. पुण्याहून त्याच्या वरिष्ठांचा, शिशिर साहेबांचा, फोन आला. "पुष्कर, उद्या असं झालं तर मी तुला घरून काम करू देऊ शकणार नाही. पुढच्या महिन्यात पुण्याला यावं लागेल, कायमचं."

पुणं म्हणजे आई एकटी. सुशीलाबाई रायपूर सोडणाऱ्यांतल्या नव्हत्या. नागपूरला सख्ख्या बहिणीकडे गेल्या तरी दोन दिवसांत त्यांना घरची तुळस आठवे. गुडघे कामातून गेलेले, उठताना भिंत धरावी लागे. त्यांना सोडून जाणं पुष्करला शक्यच नव्हतं. सणासुदीला आईच्या जिवाला घोर नको, म्हणून हे पुण्याचं त्याने तिच्यापासून लपवलं.

सकाळी स्वयंपाकघरात पुरण शिजत होतं आणि आतल्या खोलीत पुष्कर. त्याने पडद्यावरचे रंग कमी केले, पलीकडच्या कॉम्प्युटरवरचं शोभेचं चित्र काढलं, आवाज बंद केला, प्रिंटरची जोडणी काढली, कंपनीशी जोडणारा व्हीपीएनचा बोगदा बंद करून पुन्हा उघडला. एक अक्षर टाइप करावं आणि ते उमटेपर्यंत चहाचा घोट घ्यावा, अशी गत. मोबाइलचं नेट वापरायची कंपनीची परवानगी नव्हती. त्याने आधी पुण्याच्या सर्व्हरला दोष दिला, मग कंपनीला, मग पावसाळ्याला आणि शेवटी लाइनवाल्या दयारामला बोलावलं.

दयारामने खांबावर चढून यंत्र लावून पाहिलं. "लाइन तो एकदम बढ़िया है भैया. आपके घर के अंदर कुछ गड़बड़ है."

हे वाक्य पुष्करने आजवर किती लोकांना ऐकवलं होतं, त्याची गणती नव्हती. ऐकून घ्यायची पाळी पहिल्यांदाच आली होती आणि त्याला ते फार झोंबलं.

"राउटर कहाँ है?" दयारामने विचारलं.

"वहीं है, जहाँ होना चाहिए. देवी के पीछे फळी पर," पुष्कर तोऱ्यात म्हणाला. पुढच्या खोलीत मखर उभं होतं. विदर्भाकडच्या रीतीने पत्र्याच्या दोन कोठ्या धान्याने भरून, त्यांना साड्या नेसवून, वर मुखवटे बसवले होते. सोवळ्याशिवाय तिथे कोणी पाऊल टाकायचं नाही, हा सुशीलाबाईंचा कायदा. दयारामने लांबूनच हात जोडले आणि तो गेला.

मग पुष्करने आंघोळ केली, कद नेसला आणि मखरामागे शिरला. फळी रिकामी होती. वायरी फळीवरून खाली उतरून थोरल्या महालक्ष्मीच्या पदराखाली गेल्या होत्या.

"आई! राउटर कुठं आहे?"

"ओरडून काहून राहिला?" सुशीलाबाई हात पुसत आल्या. "देवीच्या पोटात आहे."

पुष्कर पदराखाली वाकून पाहू लागला. सुशीलाबाई पुढे बोलल्या. "बाबाची शिट्टी नव्हतो का ठेवत आपण दरवर्षी? नुसते गहू भरून होत नाही. घर ज्याच्यावर चालते ते तिच्या पोटात असावं लागते. बाबा गेले तवापासून ती जागा रिकामीच होती. यंदा म्हटलं, आता घर पुष्करच्या डब्बीवर चालते. काल तू आंघोळीले गेला तवा नव्या खणात गुंडाळून ठेवली. बंद नाही केली बरं, मागच्या झडपेतून वायरी घेतल्या."

पुष्कर रागवायलाच उभा होता, पण राग तिथेच विरला. बाबांच्या शिट्टीच्या जागी आपली डब्बी! त्याला इतका आनंद झाला की आपली नोकरी जायच्या बेतात आहे, हे तो क्षणभर विसरला.

"अवं पण आई, पत्र्याची कोठी, वरून गहू. सिग्नल बाहेर कसा येईन?"

"साऱ्या जगाचं तिच्या पोटातून येते. तुहाच सिग्नल काहून येत नाही?"

विसर्जनाआधी कोठी उघडून आतलं काही बाहेर काढणं तर अशक्यच. तेवढ्यात देवश्री दारातून म्हणाली, "अहो, वायर जोडा ना सरळ. तुम्हीच तर सगळ्यांना सांगता."

तीही अक्कल बायकोकडून आली. कोठीला हात लावायचा अधिकार फक्त सुशीलाबाईंचा, म्हणून त्यांनीच झडपेतून हात आत घातला आणि पुष्कर नेहमीच्या मधाळ आवाजात सांगू लागला, "हां, खण थोडा बाजूले कर. चौकोनी भोक लागलं का हाताले? आता दाब. टक् झालं?"

"झालं बाप्पा, टक् झालं."

वायर आखूड होती. त्यामुळे पांढरीपांडे उघड्या अंगाने, कद नेसून, देवीच्या पायाशी पाटावर लॅपटॉप ठेवून बसले. पलीकडचा बाण बोटाबरोबर पळू लागला. शिशिर साहेबांनी कॅमेरा लावायला सांगितला, तेव्हा पुष्करने कॅमेरा बिघडल्याचं बेधडक ठोकून दिलं. मागे आरतीची तयारी चालली होती, कपाळावरून घाम गळत होता, पण काम एकदाही न अडकता पार पडलं.

"झकास!" साहेबांचा आवाज खोलीभर घुमला, कारण हेडफोन आतच राहिले होते. "तुझं पुण्याला येणं रद्द. रायपुरातच राहा. पण बिघाड होता तरी काय?"

"सर, राउटर चुकीच्या जागी होता."

"तुझ्या घरी?" साहेब पोट धरून हसले. असंच हसतात लोक, पुष्करला माहीत होतं.

लॅपटॉप मिटून त्याने वर पाहिलं तर सुशीलाबाई जागच्या जागी उभ्या होत्या. "पुण्याचं काय म्हणे तो?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. पुष्करने सगळं सांगितलं. त्या हळूच दुसऱ्या पाटावर टेकल्या.

"डब्बी ठेवताना मी काय मागितलं तिले, माहीत आहे का?"

"काय?"

"म्हटलं, माह्या पोराले मोठ्या हापिसात बोलावणं येऊ दे. एकटाच भिंतीसंगं बोलत बसते दिवसभर, पाहवत नाही मले. चार लोकाइत बसू दे त्याले."

पुष्करने देवीकडे पाहिलं. ती काल संध्याकाळपासून आईचंच तर काम करत होती.

सुशीलाबाई भिंत धरून उठल्या. थोरलीच्या समोर जाऊन त्यांनी हात जोडले आणि पुष्करला ऐकू जाऊ नये इतक्या हळू आवाजात म्हणाल्या, "बाई, मी बोलली ते मनावर घेऊ नको. राहू दे त्याले घरीच."