उचललेला भंडारा

विद्यापीठाच्या संग्रहालयाचे साहेब आमच्या दारात आले तेव्हापासूनच ते मला पटले नव्हते. मेंढपाळांच्या जुन्या वस्तूंचं प्रदर्शन आहे म्हणाले आणि माझ्या वारलेल्या वडिलांचं घोंगडं मागितलं. इतकं गोड बोलणारा माणूस उगाच येत नाही, असं मी मायला चुलीपाशी सांगून पाहिलं. मी नुकतीच मास्तरीण झालेली. लेखी कागद करून घेऊ, असं मी म्हणत होते. मायनं देवाच्या हळदीची, भंडाऱ्याची वाटी पुढे केली. आमच्यात भंडारा उचलून शब्द दिला की पुढे काही विचारायचं नसतं. साहेबांनी बूट काढले, भंडारा उचलला आणि दिवाळीच्या आत घोंगडं परत आणतो म्हणाले. जाताना थोडा भंडारा पुडीत मागून घेतला. मायला वाटलं, किती भाविक माणूस. मला ती पुडीसुद्धा खटकली.

दिवाळी गेली, भावाचं लग्न तोंडावर आलं. आमच्या घरात नवरदेव वडिलांच्या घोंगड्यावर बसल्याशिवाय हळद लागत नाही. विकून खाल्लं असणार, असं मी रोज म्हणायचे. माय म्हणायची, आजारी असतील, भंडारा उचललाय त्यांनी. शेवटी कुंभार पिंपळगावहून एस.टी. धरून आम्ही दोघी शहरात गेलो.

संग्रहालयात कुठल्या कुठल्या मुलखातले मुखवटे, भाले, मण्यांच्या माळा. हे सगळं कुणाकुणाला काय सांगून आणलं असेल, हेच माझ्या मनात. शिपाई आमच्या पिशवीवर डोळा ठेवून मागे मागे. कोपऱ्यातल्या काचेत घोंगडं होतं. विडीनं जळालेली कड मायनं लांबूनच ओळखली.

साहेब आले. ते आता संग्रहात चढलंय, परत देता येत नाही, लांबून लोक पाहायला येतात, असं समजावू लागले. घोंगड्याशेजारी वाटीत आमचाच भंडारा होता आणि पुढे पाटी.

"वाच पोरी," माय म्हणाली.

मी वाचलं. ‘भंडारा. हा उचलून दिलेला शब्द या समाजात कोणीही मोडत नाही.’

तिनं ते पुन्हा वाचायला लावलं. मग साहेबांकडे बघत शांतपणे म्हणाली, "मला वाटलं, तुम्हाला आमचं कळलं नसंल. तुम्हाला तर समदं ठाऊक व्हतं."

माझा संशय खरा ठरला होता आणि मला रडू येत होतं.

हळदीला भाऊ नव्या घोंगड्यावर बसला. पुढच्या वर्षी मेंढ्यांच्या सौद्याला आलेल्या सोयऱ्यानं सवयीनं भंडाऱ्याकडे हात नेला. मायनं वाटी मागे ओढली आणि मला म्हणाली, "कागद कर."