परत पाठवलेली डबी

आज एका मावशीचा कफ मायक्रोस्कोपखाली ठेवला आणि त्यात जंतांच्या अळ्या वळवळताना दिसल्या. लॅबमध्ये इतकी वर्षं काढली, पण आज माझीच मला लाज वाटली.

केळझरकडच्या या मावशी पालकाच्या वाफ्यात अनवाणी राबतात. मागच्या आठवड्यात त्यांना कोविड निघाला. तेव्हा त्यांनी तपासायला संडासच्या नमुन्याची डबीही आणली होती.

"पोटबी दुखून राह्यलं भाऊ, हेबी पाहून घ्या."

"छातीचा आजार आहे मावशी. हे परत न्या," मी खेकसलो. त्यांनी डबी पदराआड घेतली.

दम लागला म्हणून स्टेरॉइड सुरू झालं. कोविडसाठी ते योग्यच होतं. पण ओल्या मातीतून पायावाटे शिरून आतड्यात दबलेले जंत त्याने प्रतिकारशक्ती दाबताच मोकाट सुटले आणि फुप्फुसात पोचले. डबी तपासली असती तर जंतांचं औषध आधीच दिलं गेलं असतं.

आज ते दिलं. डॉक्टर म्हणाले, फार उशीर झाला.

बाहेर त्यांचे यजमान उभे होते. "तिनं डबी फेकली नाई सर. तुमाले लागन म्हणून ठेवली हाये. घेऊन येऊ काय?"

आता त्या डबीचा उपयोग नाही, हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगू?