राजाच्या गळ्यातली गाठ

डोमा आमच्या कंपनीचा राजा. कंपनी म्हणजे नाटक कंपनी, वडशाची. दिवाळीपासून होळीपर्यंत आम्ही गावोगावी नाटकं करत फिरतो आणि उरलेलं वर्ष माणसांसारखं राहतो. राजा, दरोडेखोर, मुलीला घराबाहेर काढणारा बाप, अशी ओरडायची जितकी कामं असतील तितकी डोमाकडे. मी श्रीहरी, विंगेत बसून त्याला वाक्यं पुरवणारा प्रॉम्प्टर. अठ्ठावीस वर्षं लोकांनी त्याचा चेहरा पाहिला आणि मी त्याची पाठ. मोठ्या वाक्याआधी त्याच्या बरगड्या कशा फुगतात, ते त्याच्या आईपेक्षाही मला जास्त ठाऊक आहे, असा माझा समज होता.

तो मूळचा मासे धरणारा. सावली तालुक्यातल्या आमच्या गावाला मोठा तलाव आहे. थंडीच्या सकाळी पाण्यावर धुकं असलं की आवाज वर उडून जात नाही, पाण्याला धरून चालतो. विशीतला डोमा डोंग्यात उभा राहून पलीकडच्या काठाला हाक द्यायचा आणि ती हाक बराच वेळ तळ्यावरच राहायची. ती ऐकायला मी मुद्दाम तलावाच्या पाळीवर, बांधावर जायचो. पुढे मीच त्याला कंपनीत नेलं. तेव्हा माइक धड नसत, शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकावा लागे. नंतर चांगले माइक आले, तरी हा फेकतच राहिला. सांगून ऐकेल तर डोमा कसला! हळूहळू त्याचा आवाज खरखरीत झाला. लोकांना ती खरखरच आवडली, राजा शोभतो म्हणाले, आणि टाळ्या पडल्यावर कोण कशाला गळा तपासतो?

या होळीला शेवटच्या अंकात त्याने तोंड उघडलं आणि नुसती हवा आली. मी वाक्य दोनदा दिलं. तिसऱ्यांदा दिलं तेव्हा त्याने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. ते डोळे मी अजून विसरलेलो नाही.

गावठी काढे, मध, हळद, सगळं झालं. पोळा उलटल्यावर मी त्याला चंद्रपूरला घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी बारीक कॅमेरा आत घालून पडद्यावर दाखवलं. गळ्यात तार नसते की घुंगरू नसतं. बोटाच्या पेराएवढ्या दोन पांढऱ्या घड्या असतात. खालून श्वास येतो, त्या एकमेकींना शिवतात, सुटतात, साधं बोलतानाही सेकंदाला शंभरदा. त्यातून निघते ती नुसती गुणगुण. तिचे शब्द नंतर जीभ, टाळू, ओठ करतात. त्यांनी एक खास दिवा लावला, तेव्हा ते सगळं संथ दिसायला लागलं. तळ्यातल्या माशाचे कल्ले हलावेत तशा त्या घड्या उघडत होत्या, मिटत होत्या. मी कुठे आलोय तेही विसरलो. मग बाईंनी एका घडीच्या काठावरची गाठ दाखवली. तिच्यामुळे घड्या नीट मिटत नव्हत्या आणि हवा फुकट जात होती.

"पंधरा दिवस पूर्ण मौन," बाई म्हणाल्या. "गाठ बसली तर उत्तम. नाही तर ऑपरेशन, आणि त्यानंतर आवाज कसा येईल हे मी आज सांगू शकत नाही."

दसऱ्यानंतर तालमी सुरू होणार होत्या. तोपर्यंत गळा उघडला नाही तर दुसरा राजा पाहतो, असं मालकांनी सांगूनच टाकलं होतं.

येताना बसमध्ये मी शहाणपण शिकवलं. "मौन म्हंजे आवाज काढाचा नाई. फुसफुसाले काय होते? मी अठ्ठावीस वर्सापासून फुसफुसूनच राह्यलो. माह्या गळ्याले काई झालं?"

पंधरा दिवसांनी गाठ तशीच होती, वर लालही झाली होती. बाईंनी विचारलं, "कुजबुजत होतात का?" डोमाने होकाराची मान हलवली. मग त्यांनी समजावलं, की जोर लावून कुजबुजताना गळा आवळला जातो, आणि आधीच सुजलेल्या जागेवर आणखी ताण पडतो. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसलो. आता तीन आठवडे मौन, आणि ही शेवटची संधी, असं बाईंनी बजावलं.

घरी पोचेपर्यंत मला राहवलं नाही. "डोमा, माह्यामुळे झालं. अक्कल नव्हती त शिकवाचं काऊन?"

त्याने वहीत लिहिलं, ते असं: "भाऊ, तिसऱ्याच दिवशी गळा दुखला होता. मले समजलं होतं. पन मायले दिसत नाई. मी बोललो नाई त ती घरभर हात फिरवत मले शोधते."

त्याची माय सोमारी, दहा वर्षांपासून आंधळी. चूप बसलेला मुलगा तिच्यासाठी घरात नसलेलाच. मी वही मिटली.

दुसऱ्या दिवशी मी कंपनीच्या पेटीतून नाचणारीचे घुंगरू आणले आणि राजाच्या पायात बांधले. तीन आठवडे डोमा छुमछुम करत तळ्यावर गेला, बाजारात गेला. सारं गाव हसलं. सोमारीबाई मात्र दारात बसून म्हणायची, "आला काय डोमा," आणि निवांत व्हायची.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आम्ही पुन्हा चंद्रपूरला गेलो. गाठ बसली होती. बाईंनी आधी ओठ मिटून हुंकार द्यायला लावला, मग हळू एक शब्द. डोमा "पाणी" म्हणाला आणि मी दचकलो. आवाज कोवळा होता, स्वच्छ, पातळ. खरखर पार गेली होती. बाईंनी सुरुवातीला दिवसाला दहाच मिनिटं बोलायची परवानगी दिली. या आवाजाने राजा होत नाही, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. बसमध्ये तो खिडकीकडे तोंड करून बसला. मला मनापासून वाईट वाटलं. ज्या आवाजाला मी अठ्ठावीस वर्षं शब्द दिले तो मेला होता, आणि मला त्याचं सुतकही धरता येत नव्हतं.

बसमध्ये लोक बघतात म्हणून घुंगरू घरीच ठेवले होते. सोमारीबाई अंगणात बसून बोटांनी चाचपत जाळं विणत होती. कुंपणापाशी शेजारची कमळा उभी होती.

"माय," डोमा म्हणाला.

कमळाने चमकून आमच्या मागे पाहिलं, आणखी कोण पाहुणा आला म्हणून. आता म्हातारी विचारेल, कोन होय? मी सवयीने पुटपुटलो, "नाव सांग, नाव सांग."

सोमारीबाईचे हात जाळ्यावर थांबले. तिने मान वर केली आणि ती हसली.

"आलास काय रे बापू," ती म्हणाली. "नाटकात गेलास, तो आज आलास घरी."

डोमा तिच्या पायाशी बसला आणि बोलायला लागला. तळ्याचं, पाण्याचं, कुठल्या कुठल्या जुन्या सकाळींचं. घड्याळ माझ्या मनगटावर होतं. दहा मिनिटं कधीच होऊन गेली, तरी त्याला थांबवायचं माझ्याच्याने झालं नाही.