आत्तींची पेटी आणि माझा गळा

माझ्या सासूबाईंना काही ऐकू येऊ नये अशी व्यवस्था मी आयुष्यात एकदाच केली. ती पूर्ण यशस्वी झाली आणि भरलेल्या नाट्यगृहात झाली.

सासूबाईंना आम्ही 'आत्ती' म्हणतो. वय शहात्तर, माहेर नृसिंहवाडीचं. लहानपणी तिथल्या एका बुवांकडे त्या बारा वर्षं पेटी शिकल्या. त्यातलं पहिलं वर्ष बुवांनी फक्त भाता मारायला शिकवला म्हणे. (एक वर्ष नुसता भाता! एवढ्या वेळात माणूस लोहार झाला असता.) लग्न होऊन त्या कोल्हापुरात मंगळवार पेठेत आल्या, तेव्हा पेटीही बरोबर आली. तीन वर्षांपूर्वी त्यांना कमी ऐकू यायला लागलं आणि कानामागे लावायचं छोटं मशीन आलं. मशीन काढलं की त्यांना कुकरची शिट्टीसुद्धा ऐकू येत नाही. लावलं की मी दोन खोल्या पलीकडे पुटपुटले तरी उत्तर येतं.

मी स्वतः गाणं शिकलेली नाही. शिकायची गरज आहे असं मला वाटलं नव्हतं. डोहाळजेवण, बारसं, हळदीकुंकू, कुठंही 'शैलाताई, होऊन जाऊ दे' असं कुणी म्हणायचा अवकाश, माझं होऊनच जायचं. मोबाइलवरचं एक ॲप मला प्रत्येक गाण्याला पाच तारे द्यायचं. मी शाळेत गणित शिकवते. 'सराव केल्याशिवाय, चुका दाखवून घेतल्याशिवाय काही येत नाही,' हे वाक्य मी रोज किमान दोन वर्गांना ऐकवते. पण तो नियम गणिताचा. गळा देवानं दिलेला, त्याला कसला सराव?

गेल्या वर्षी आमच्या महिला मंडळानं संगीत नाटक करायचं ठरवलं. नाटक लिहिलं चौगुले बाईंनी. या आमच्याच शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, दिग्दर्शनही त्यांचंच. गोष्ट सोपी होती. राजा पहिल्या अंकात लढाईवर जातो आणि तिसऱ्या अंकात परत येतो. मधल्या काळात राणी वाट बघते आणि सात पदं म्हणते. राणी मी. गोष्ट ऐकून आमचे हे, म्हणजे प्रताप, म्हणाले, "राजा लढाईवर का गेला ते कळलं."

मी घरी तालमी सुरू केल्या आणि आत्तींनी मशीन लावून समोर बसायला सुरुवात केली.

"शैला, गंधार खाली पडतोय."

मी खरंच खाली बघितलं.

"आगं गंधार म्हंजे ग. सा रे ग मधला ग. तो उतरतोय तुझा."

"आत्ती, ते भाव आहेत. राणी दुःखात हाय की."

"राणी दुःखात असू दे. गंधारानं काय केलंय?"

दुसऱ्या दिवशी माझी पट्टी फार वर लागत होती. तिसऱ्या दिवशी मी ताना घेत नव्हते, गुळण्या करत होते. चौथ्या दिवशी मी दार लावून गायला बसले, तर दाराबाहेरून आवाज आला, "श्वास चोरू नगंस. जिथं घ्यायचाय तिथं घे." मी ह्यांच्याकडे तक्रार केली. ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान चालवणारा माणूस तो. म्हणाला, "तुमच्या दोघींच्यात मला घालू नका. मला फक्त गिअर बॉक्सचा आवाज कळतो."

तरी एवढ्यावर निभावलं असतं. पण प्रयोगाला आठ दिवस राहिले असताना आमचे पेटीवाले स्कूटरवरून घसरले आणि त्यांचा हात प्लॅस्टरमध्ये गेला. कबनूरचे सज्जन गृहस्थ ते. दिवसा यंत्रमागावर काम करायचे, सुट्टीच्या दिवशी आमच्या तालमीला यायचे आणि माझ्या गाण्याबद्दल कधीही एक शब्द बोलायचे नाहीत. (हा त्यांचा संगीताचा मोठा अभ्यास होता हे मला आता कळतं.) चौगुले बाई धावत आमच्या घरी आल्या. "आत्ती, तुम्ही पेटी धराल का?"

आत्ती एवढंच म्हणाल्या, "धरतो की."

(कोल्हापुरात बायका 'मी येतो, मी धरतो' असंच बोलतात. छापण्यातली चूक समजू नये.)

रंगीत तालमीला सगळ्या जणी पोशाख करून उभ्या. मी तिसरं पद सुरू केलं. डोळे मिटले, हात पसरला आणि पेटी बंद पडली. डोळे उघडले तर आत्तींनी भाता सोडलेला.

"पहिल्यापास्नं घे. सुरात घे."

मंडळाच्या वीस बायका. त्यातल्या सहा जणींच्या मुलांना मी गणितात नापास केलेलं. त्या सगळ्या माझ्याकडे बघत होत्या आणि त्यांच्या तोंडावरचं समाधान मला मोजता येत होतं. मी पुन्हा घेतलं. आत्तींनी पुन्हा थांबवलं. तिसऱ्यांदा माझा आवाजच फुटेना. घरी येऊन मी भाजी चिरता चिरता रडले. कांदा नव्हता, भेंडी होती, त्यामुळे कुणाला काही सांगताही येईना.

प्रयोगाच्या दिवशी दुपारी आत्ती म्हणाल्या, "शैला, मशीनचे सेल बदलून दे गं. ह्यातला जीव गेलाय."

हे सेल शर्टाच्या बटणाएवढे असतात. मी आत गेले, जुने सेल काढले, पुसले आणि तेच परत घातले.

का केलं, याचं उत्तर मी खूप शोधलंय. त्या क्षणी मनात एवढंच होतं, की आज एक संध्याकाळ तरी मला कुणी थांबवू नये. थोडं कमी ऐकू येईल, पेटी त्या सवयीनं वाजवतील आणि मी मोकळेपणानं गाईन. पूर्ण बंद पडेल असं खरंच वाटलं नव्हतं. गणिताच्या बाईनं असा अंदाज बांधावा, हे वेगळंच.

मशीन तिसऱ्या घंटेला बंद पडलं. रंगमंचाच्या पुढच्या कोपऱ्यात आत्ती पेटीवर बसलेल्या. त्यांनी कानामागे दोनदा टिचकी मारली आणि विंगेत माझ्याकडे बघितलं. मी माझा मुकुट नीट करायला लागले.

मग त्यांनी पदर खोचला, पेटीवर थोड्या ओणवल्या आणि हनुवटी पेटीच्या कडेला टेकवली. पडदा वर गेला.

पहिलं पद बरं झालं. टाळ्या पडल्या, आणि त्याच मला चढल्या. दुसरं पद मी पेटीचा सूर यायच्या आधीच उचललं. गात गेले, वर वर गेले. मध्येच जाणवलं, पेटी भलतीकडेच चाललीय. आत्तींना ऐकू येत नाही, त्यामुळे त्यांची पेटी बेसूर झाली आणि हे पाप माझं. मग मी ठरवलं, आता नाटक आपणच सांभाळायचं. मी राणीच्या थाटात हात उंचावून आत्तींना खुणा करायला लागले, वर या, वर या. आत्ती माझ्याकडे टक लावून बघत होत्या आणि जागच्या हलत नव्हत्या. प्रेक्षकांना वाटलं, राणी देवाला विनवतेय. तबल्यावर चौगुले बाईंचे यजमान होते. त्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा पेटीकडे बघितलं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

तिसऱ्या पदात पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी चष्मा काढून पुसला. (ऐकण्यात काही बिघाड आहे असं वाटून माणूस चष्मा का पुसतो कोण जाणे.) मी चौथं पद सुरू केलं, आवाज आणखी चढवला, आणि तेवढ्यात विंगेतून राजा आला.

राजा झाल्या होत्या माळी वहिनी. त्यांची एन्ट्री तिसऱ्या अंकात. इथं दुसरा अंक अर्धाही झाला नव्हता. चौगुले बाईंनी त्यांना पाठीत हात घालून ढकललं होतं, त्यामुळे मिशी एका बाजूनं सुटलेली आणि तलवार अजून विंगेतच.

"महाराणी," माळी वहिनी म्हणाल्या, "लढाई संपली. आता थांबा."

नाट्यगृहात त्या दिवशीची सगळ्यात मोठी टाळी या वाक्याला पडली. उरलेली तीन पदं मला आजतागायत म्हणायला मिळालेली नाहीत.

रंगपटात चौगुले बाई खुर्चीत बसून वहीतल्या तीन पदांकडे बघत होत्या. रात्ररात्र खपून लिहिलेली पदं ती. मला ते सहन होईना, म्हणून मी तोंड उघडलं. उघडायला नको होतं.

"आत्तींची पेटी चुकली ओ बाई. त्यांचं मशीन बंद पडलंय. त्यांना काय ऐकूच येत न्हवतं."

आत्ती समोरच चहा पीत बसल्या होत्या. मी काय बोलले ते त्यांना अर्थातच कळलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि बशीत थोडा चहा ओतून माझ्यापुढे सरकवला. "घे. घसा सुकला असंल."

तो चहा मी बशीत तसाच ठेवला.

घरी आल्यावर ह्यांनी मोबाइलवर काढलेला व्हिडिओ लावला. दुसरं पद सुरू झालं. मी कान देऊन पेटीतली चूक शोधत होते. पेटी सरळ रेषेत चालली होती. तबला थांबेपर्यंत पेटीबरोबरच चालला होता. त्या दोघांना सोडून एक बाई भलत्याच वाटेनं वर चालली होती, आणि हात हलवून बाकीच्यांनाही बोलवत होती.

ह्यांनी हळूच विचारलं, "हा गिअर बॉक्सचा आवाज न्हाई ना?"

मी उठले. ड्रॉवरमधले नवे सेल काढले, आत्तींच्या खोलीत जाऊन त्यांच्या मशीनमध्ये घातले आणि मशीन त्यांच्या कानामागे लावलं. मग सगळं सांगितलं. जुने सेल, रंगपटातलं बोलणं, सगळं. सांगताना मी त्यांच्या पेटीकडे बघत होते.

आत्तींनी कानामागचं मशीन नीट बसवलं. मग म्हणाल्या, "मला ऐकू येत न्हवतं, शैला. तुला येत हुतं की."

मला हसावं की रडावं कळेना. मी विचारलं, "मग तुमी वाजवलं कसं?"

"हनुवटी टेकली की पेटी अंगात वाजती. आन् तुझा गळा दिसत हुता. श्वास कुठं घेतीस, शब्द कुठं सोडतीस. बारा वर्षं काय उगाच बसलो हुतो बुवांम्होरं?" मग पेटीच्या पट्ट्यांवरनं हात फिरवत म्हणाल्या, "पट्ट्या जागच्या हलत न्हाईत, बाई. हलतो तो गळा."

"चुकलं माझं, आत्ती."

"माझं बी चुकलं. वीस बायकांत थांबवायला नको हुतं तुला. बुवांनी मला असंच भरल्या बैठकीत थांबवलंतं. मला एवढा राग आला, संगमावर जाऊन त्यांचं पायताण पाण्यात सोडून आलो."

"मग?"

"मग काय, बुवा अनवाणी घरी गेले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, पायताण गेलं, पण तुझा सा हाय तिथंच हाय. बस, वाजव." त्या हसल्या. "तू तर नुसते सेल बदलले न्हाईस. लई साधी हाईस."

मी धीर करून विचारलं, "एवढं वाईट गातो मी, तर रोज समोर बसून ऐकता कशाला?"

"आमचा प्रताप न्हाणीत गातो. त्याला कवा काय बोललो का मी? तो गायला लागला की मी मशीन काढून ठेवतो." त्यांनी माझा हात आपल्या हातात घेतला. "तुझं गाणं असलं की लावून बसतो. गळा चांगला हाय तुझा. कुणी हात धरून शिकवलं न्हाई, एवढंच."

लग्नाला सव्वीस वर्षं झाली. त्यांनी माझ्या कशालाही 'चांगलं' म्हटल्याची ही पहिलीच वेळ. मी पुन्हा रडले. या वेळी भेंडीही नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी मंडळात गेले आणि वीसही जणींसमोर खरं काय ते सांगितलं. चौगुले बाईंची माफी मागितली. माळी वहिनींनी मिशी सुटल्याबद्दल उलट माझीच मागितली.

तेव्हापासून रोज सकाळी शाळेआधी मी आत्तींसमोर बसते. पहिले दीड महिने त्यांनी मला फक्त 'सा' लावायला दिला. आता 'ग'पर्यंत पोचलेय. त्या थांबवतात, मी थांबते. त्या 'पुन्हा' म्हणतात, मी पुन्हा घेते. कधीकधी राग येतो, तेव्हा चहा करायला उठते आणि दोघींचा करून आणते.

आठ महिन्यांच्या शिक्षणानं फरक पडलाय, हे मान्य करायला हवं. पूर्वी मी बेसूर गाते हे मला सोडून सगळ्या पेठेला माहीत होतं. आता मलाही कळायला लागलंय.